साक्षी कोण? श्रद्धेचा ऱ्हास आणि आधुनिक नीतीची जडणघडण



एखादा माणूस प्रामाणिक आहे हे सांगताना मराठीत आपण त्याला 'पापभीरू' म्हणतो. शब्दाची फोड करून पाहा: पापाला भिणारा तो पापभीरू. म्हणजे हा माणूस चोरी करत नाही, कारण त्याला पापाची भीती वाटते. 'वरचा बघतो आहे', 'करावे तसे भरावे' ही बोलण्यातली वाक्येही तेच सांगतात. नीतीने वागावे, कारण कोणीतरी पाहत आहे आणि हिशेब होणार आहे.

आता प्रश्न असा. वर कोणी नाही, किंवा असले तरी त्याला आपल्या हिशेबात रस नाही, असे एखाद्याला मनापासून वाटू लागले तर त्याच्या प्रामाणिकपणाचे काय होते? गेल्या दीडशे वर्षांत जगात आणि भारतात अनेकांना तसे वाटू लागले. त्यांच्या नीतीचे पुढे काय झाले, हे तपासून पाहता येते. या पाठात आपण ते इतिहासाच्या आधाराने तपासणार आहोत. उदाहरणे मुख्यतः पुणे, सेवाग्राम आणि मी जिथे शिकवतो त्या कुंभकोणमची आहेत.

१. तीन प्रश्न वेगळे करू या

'धर्म गेला की नीती जाते' या वाक्यात तीन वेगळे दावे एकत्र झालेले असतात. आपण आधी ते सुटे करू.

पहिला ज्ञानाचा: चांगले काय आणि वाईट काय हे आपल्याला कुठून कळते? दुसरा प्रेरणेचा: चांगले कळले तरी ते करायचे का, विशेषतः त्यात तोटा असेल तेव्हा? तिसरा अधिकाराचा: दोन माणसांत मतभेद झाला तर निर्णय कोणी द्यायचा?

श्रद्धा तिन्हींना एकच उत्तर देत होती. ज्ञान शास्त्रातून, प्रेरणा परलोकातून, निर्णय धर्मपीठाकडून. श्रद्धा सैल झाली तेव्हा हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उघडे पडले नाहीत. काही समाजांत आधी अधिकाराचा प्रश्न उभा राहिला, प्रेरणेचा खूप नंतर. पुढचा इतिहास वाचताना कोणता प्रश्न चर्चेत आहे, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारा.

२. शपथेची जुनी व्यवस्था

जुन्या समाजांचा व्यवहार शपथेवर चालत असे. मराठी मुलुखात करार पक्का करताना बेलभंडार उचलत. शिवाचा बेल आणि खंडोबाचा भंडारा हाती घेतल्यावर शब्द मोडणे म्हणजे देवाशी वैर घेणे. आजही मुले 'आईशपथ', 'देवाशपथ' म्हणतात, तो त्याच व्यवस्थेचा अवशेष आहे.

युरोपातही असेच होते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे धार्मिक सहिष्णुतेवरचे प्रसिद्ध पत्र १६८९ साली प्रकाशित झाले. त्यात त्याने अनेक पंथांना मोकळीक द्यावी असे म्हटले, पण देव नाकारणाऱ्यांना वगळले. त्याचे कारण व्यावहारिक होते: वचन, करार आणि शपथ यांनी समाज बांधला जातो, आणि देव न मानणाऱ्याला या गोष्टी बांधू शकत नाहीत. सहिष्णुतेच्या पुरस्कर्त्यालाही ही भीती वाटत होती, हे लक्षात घ्या.

दोनशे वर्षांनी ही भीती कसोटीला लागली. १८८० साली चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक ब्रिटिश संसदेवर निवडून आला. शपथेवरून वाद झाला आणि त्याला १८८६ पर्यंत आपल्या जागेवर नीट बसू दिले नाही. तोपर्यंत मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८८ साली कायदा बदलला आणि देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. हाच ब्रॅडलॉ १८८९ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. त्याच सुमारास पुण्यात याच प्रश्नावर एक साप्ताहिक लिहीत होते. तिकडे वळण्याआधी आपण दक्षिणेकडे जाऊ.

३. कुंभकोणम: शास्त्राच्या आधाराने सुधारणा

कुंभकोणम हे कावेरीकाठचे मंदिरांचे शहर. बारा वर्षांनी इथे महामहम भरतो आणि लाखो लोक एका तळ्यात स्नान करतात. एकोणिसाव्या शतकात कांची कामकोटी मठही इथेच होता. शेजारच्या तंजावरावर १८५५ पर्यंत सुमारे पावणेदोनशे वर्षे भोसल्यांचे मराठी राज्य होते. त्यामुळे या भागात मराठी बोलणारी घराणी स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव मूळचे कुंभकोणमचे. त्यांचे नातलग दिवाणबहादूर आर. रघुनाथराव (१८३१–१९१२) हेही इथलेच, आणि तेही होळकरांच्या इंदूरचे दिवाण होते. आपल्या पाठासाठी रघुनाथराव महत्त्वाचे आहेत.

रघुनाथरावांनी आयुष्याचा मोठा भाग विधवाविवाहाच्या प्रश्नाला दिला. त्या काळी सातव्या-आठव्या वर्षी लग्न झालेली मुलगी दहाव्या वर्षी विधवा झाली, तर उरलेले आयुष्य तिने केस काढून, एक वेळ जेवून, शुभकार्यापासून दूर राहून काढायचे, अशी उच्च जातींत रीत होती. सरकारने १८५६ सालीच विधवाविवाहाला कायद्याची मान्यता दिली होती. पण कायदा कागदावर होता. अशा लग्नाला नुसते हजर राहणाऱ्यावरही बहिष्कार पडत असे.

रघुनाथरावांची पद्धत अशी: ते श्रद्धावान होते आणि शास्त्राचा अधिकार मान्य करत. शास्त्रात विधवाविवाहाला बंदी नाही, ती नंतरच्या रूढीने घातली, असे ते वचनांच्या आधारे मांडत. बंगालात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीच्या आधारे हेच केले होते. महाराष्ट्रात न्यायमूर्ती रानडेही याच मार्गाने जात होते. डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासला भारतीय सामाजिक परिषद स्थापन झाली, ती रानडे आणि रघुनाथराव या दोघांच्या पुढाकाराने.

या मार्गाची ताकद समजून घ्या. समाज जी भाषा समजतो त्याच भाषेत तो बोलतो. 'तुमचा धर्म चुकीचा आहे' असे न म्हणता 'तुम्ही तुमचा धर्म नीट वाचला नाही' असे तो म्हणतो. ऐकणाऱ्याला आपली श्रद्धा न सोडता बदलता येते.

पण या मार्गाची एक मर्यादा आहे, आणि ती पुण्यात आधीच दिसली होती. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांच्या उपस्थितीत विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला. विष्णुशास्त्री पंडित सुधारकांच्या बाजूने बोलले. निर्णय सुधारकांच्या विरोधात गेला. आता काय करायचे? शास्त्राचे न्यायालय मान्य करून तुम्ही खटला लढलात, तर निकाल विरोधात गेल्यावर ते न्यायालय नाकारण्याची सोय उरत नाही. वचने हरली म्हणून त्या दहा वर्षांच्या मुलीचे दुःख कमी झाले का? हा प्रश्न शास्त्रार्थाच्या चौकटीत विचारताच येत नव्हता.

४. पुणे: आगरकरांनी न्यायालयच बदलले

तो प्रश्न गोपाळ गणेश आगरकरांनी विचारला. साताऱ्याजवळच्या टेंभू गावी १८५६ साली एका गरीब घरात जन्म. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण. तिथेच टिळकांची मैत्री. दोघांनी सरकारी नोकरीची वाट सोडून न्यू इंग्लिश स्कूल आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत तुटपुंज्या पगारावर काम केले. १८८१ साली 'केसरी' निघाला तेव्हा पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

पुढे सामाजिक सुधारणेवरून मतभेद वाढले. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' सुरू केला. त्यांनी मिल आणि स्पेन्सर वाचला होता. देवाच्या अस्तित्वाबद्दल मानवी बुद्धीला खात्रीने काही सांगता येत नाही, अशी अज्ञेयवादी भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. 'देवतोत्पत्ति' या लेखात त्यांनी देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा निर्माण झाल्या असतील, याची कारणे शोधली. सोवळेओवळे, श्राद्ध, विधवांचे केशवपन, बालविवाह या सगळ्यांकडे ते एकाच कसोटीने पाहत: यामुळे जिवंत माणसांचे सुख वाढते की दुःख?

आपले तीन प्रश्न आगरकरांना लावून पाहू.

ज्ञान: चांगले-वाईट अनुभवातून आणि विचारातून कळते. एखादी रूढी कोणाला किती दुःख देते ते पाहा, त्या बदल्यात समाजाला काय मिळते ते पाहा. वचन जुने असल्याने ते खरे ठरत नाही.

प्रेरणा: इथे आगरकरांचे उत्तर अधिक कठीण आहे. परलोकातले बक्षीस किंवा शिक्षा डोळ्यांपुढे ठेवून केलेले सत्कृत्य त्यांना कमी प्रतीचे वाटे. ज्याच्या मनात दुसऱ्याच्या दुःखाविषयी कळकळ आहे त्याला चित्रगुप्ताची वही लागत नाही, असा त्यांच्या विचाराचा ओघ आहे. पण अशी कळकळ सगळ्यांत कशी निर्माण करायची? त्यांची भिस्त शिक्षणावर होती, स्त्रियांच्या शिक्षणावर विशेष.

अधिकार: निर्णय प्रत्येकाच्या विवेकाने आणि खुल्या चर्चेने व्हायचा. म्हणूनच त्यांनी मठाकडे अर्ज न करता वर्तमानपत्र काढले.

या भूमिकेची किंमत त्यांनी मोजली. विरोधकांनी त्यांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांच्या घरी पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. आगरकरांनी त्यांची व्रतवैकल्ये बळाने बंद पाडली नाहीत. हा तपशील छोटा असला तरी महत्त्वाचा आहे. विवेकाचा अधिकार मानणारा माणूस दुसऱ्याच्या विवेकावर जबरदस्ती करू शकत नाही.

इथे लॉकच्या भीतीची कसोटी लागते. शब्द, करार आणि त्याग या बाबतीत देव न मानणारे आगरकर आणि श्रद्धावान टिळक यांच्यात फरक करता येतो का? दोघेही सुखाची नोकरी सोडून शिक्षक झाले, दोघेही एकाच तुरुंगात गेले. व्यक्तिगत चारित्र्य श्रद्धेच्या रेषेवर विभागलेले दिसत नाही. मतभेद झाला तो वेगळ्या ठिकाणी.

५. संमतिवयाचा कायदा: फरक कुठे पडतो

कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची सुमारे दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधाने मरण पावली. तिच्या मृत्यूने देश हादरला. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे किमान वय दहावरून बारा करावे, असे विधेयक आले आणि मार्च १८९१ मध्ये त्याचा कायदा झाला. तोपर्यंत महाराष्ट्रात तुंबळ वाद झाला.

टिळकांचा विरोध मुख्यतः परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला होता. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांनी विधेयकाच्या बाजूने शास्त्रवचने मांडली. गर्भाधानाचा संस्कार नेमका केव्हा करावा, यावर वचनांची लढाई झाली. आगरकरांच्या दृष्टीने ही सगळी लढाई मुद्द्याला सोडून होती. मुलीचे शरीर आणि तिचा जीव, हाच मुद्दा होता. शास्त्र अनुकूल निघाले तर ठीक. प्रतिकूल निघाले तर शास्त्र बाजूला ठेवायचे.

मित्रांनो, 'श्रद्धेच्या ऱ्हासाचा नीतीवर परिणाम' याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण हेच आहे. श्रद्धा गेल्यावर आगरकरांची नीती सैल झाली नाही. ती अधिक कडक झाली, पण वेगळ्या ठिकाणी. सोवळे, विटाळ, श्राद्ध यांबाबत ती सैल झाली. ज्यांचे दुःख शास्त्राच्या हिशेबात धरलेच नव्हते, त्यांच्याबाबत ती कडक झाली. साक्षीदार बदलला: आता देव पाहत नव्हता, ज्या मुलीवर परिणाम होणार तीच पाहत होती.

मात्र रघुनाथरावांना कमी लेखू नका. विधवाविवाहाचे काम श्रद्धावानांनी आणि अज्ञेयवाद्यांनी मिळून पुढे नेले. कळकळ दोघांकडे होती. फरक एवढाच की एकाला तिच्यासाठी वचन शोधावे लागले, दुसऱ्याला नाही.

६. तमिळनाडू: लग्नाचे साक्षीदार बदलले

आगरकरांची चळवळ लेखणीची होती आणि ती मुख्यतः शिकलेल्या वर्गापुरती राहिली. तमिळ प्रदेशात हा विचार रस्त्यावर आला. ई. व्ही. रामस्वामी, म्हणजे पेरियार (१८७९–१९७३), यांनी १९२५ साली 'कुडी अरसु' हे साप्ताहिक सुरू केले आणि स्वाभिमान चळवळ उभी केली. आगरकर अज्ञेयवादी होते, पेरियार उघड नास्तिक. त्यांचा मुख्य आक्षेप नैतिक होता: जी श्रद्धा माणसाला जन्मावरून उच्च-नीच ठरवते, ती टिकवण्याजोगी नाही.

या चळवळीचा सर्वांत टिकाऊ प्रयोग म्हणजे स्वाभिमान विवाह. १९२८ पासून असे विवाह होऊ लागले. पुरोहित नाही, मंत्र नाहीत, अग्नी नाही. नातलग आणि मित्रांसमोर वधूवर आपल्याला समजणाऱ्या भाषेत एकमेकांचा स्वीकार करतात आणि हार घालतात. अग्निसाक्षीच्या जागी लोकसाक्ष आली.

लॉकचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो: देव साक्षीला नसेल तर वचन बांधते का? समाजाने हो म्हटले, कायद्याने बराच काळ नाही म्हटले. १९५० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयाने असा विवाह वैध नसल्याचा निर्णय दिला. याचा अर्थ घरोघरी काय झाला असेल ते पाहा: पत्नीचा वारसा आणि मुलांचे औरसपण एका निकालाने संशयात आले. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती केली. कलम ७-अ आले आणि पूर्वी झालेले स्वाभिमान विवाहही वैध ठरले.

म्हणजे देवाच्या जागी दोन साक्षीदार उभे राहिले: जमलेली माणसे आणि राज्य. यातून एक सर्वसाधारण नियम निघतो. श्रद्धा मागे सरते तेव्हा नीतीचे काही काम व्यक्तीच्या विवेकाकडे जाते आणि बरेचसे काम कायद्याकडे आणि संस्थांकडे. त्या दुबळ्या असतील तर पोकळी उरते.

७. सेवाग्राम: देवाऐवजी सत्य

तिसरे उदाहरण वर्ध्याजवळचे. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव (१९०२–१९७५), हे नास्तिक कार्यकर्ते. १९४० साली त्यांनी नास्तिक केंद्र सुरू केले. ते पुढे विजयवाड्याला गेले. अस्पृश्यता निवारण आणि सहभोजन हे त्यांचे मुख्य काम. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांचा गांधीजींशी संवाद सुरू झाला. त्यावर त्यांनी १९५१ साली एक छोटे पुस्तक लिहिले.

गांधीजींची श्रद्धा गाढ होती. तरी १९३१ सालीच त्यांनी जाहीरपणे 'ईश्वर सत्य आहे' हे आपले सूत्र उलटे करून 'सत्य हाच ईश्वर' असे मांडले होते. कारण असे की देव नाकारणारे अनेक जण सत्य नाकारत नाहीत. गोरांच्या मुलीचा विवाह एका दलित तरुणाशी सेवाग्राममध्ये व्हायचा ठरला. तेव्हा नास्तिक कुटुंबासाठी विधीत देवाच्या जागी सत्याचे नाव घ्यायला गांधीजी तयार झाले. विवाह मार्च १९४८ मध्ये झाला. त्यापूर्वीच गांधीजींची हत्या झाली होती.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. दोघांनी आपापले मत सोडले नाही. अस्पृश्यता संपली पाहिजे, हे मात्र दोघांना सारखेच पटले होते. नीतीच्या पायाबद्दल टोकाचा मतभेद असूनही नीतीच्या आशयाबद्दल एकमत होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

८. काय गमावले?

आतापर्यंतची उदाहरणे वाचून श्रद्धा गेल्याने फायदाच झाला, असा निष्कर्ष काढू नका. तो घाईचा ठरेल. दुसरी बाजूही तितक्याच काळजीने पाहू.

रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्कीने १८८० साली पूर्ण केलेल्या 'ब्रदर्स करमाझोव्ह'मध्ये हाच प्रश्न विचारला: अमरत्व आणि देव नसतील तर सगळेच मोकळे का नाही? दोन वर्षांनी जर्मनीत नीत्शेने देवाच्या मृत्यूची गोष्ट लिहिली. त्याचा इशारा आस्तिकांपेक्षा नास्तिकांना होता: पाया काढून घेतलात, आता वरची इमारत आपोआप उभी राहील असे समजू नका.

विसाव्या शतकाने त्याला काही प्रमाणात खरे ठरवले. सोव्हिएत रशियात चर्च दडपले गेले, पण रिकाम्या गाभाऱ्यात पक्ष आणि नेता बसला. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने बौद्ध धर्म मोडून काढला आणि लाखो माणसे मारली. या ठिकाणी देव गेला, पण चिकित्सेच्या पलीकडचा अधिकार गेला नाही. आगरकरांची कसोटी तिथे लावून पाहा: निर्णय खुल्या चर्चेने होत होता का? नव्हता. म्हणजे ज्ञानाचा प्रश्न नव्याने सोडवला, अधिकाराचा मात्र जुन्याच पद्धतीने.

रोजच्या जगण्यातही तोटे आहेत. धर्माने नीतीला सवयींचे रूप दिले होते. अन्नदान, वारी, उपास, सणावाराला शेजाऱ्याकडे ताट पाठवणे, मृत्यूच्या घरी तेराव्यापर्यंत माणसांची ये-जा. कोणाला मुद्दाम दयाळू व्हावे लागत नसे. पंचांगच ते करून घेई. श्रद्धा सैल झाली की या सवयी तत्त्वामुळे नव्हे, नुसत्या आळसाने सुटतात. विवेकवादी चळवळींनी उत्तम पुस्तके दिली; दुःखात सोबत देणारी रीत त्यांना फारशी उभारता आली नाही.

शिवाय श्रद्धा गेल्याने जुना अन्याय आपोआप जात नाही. तमिळनाडूत स्वाभिमान विवाह वैध होऊन अर्धशतक उलटले, तरी जातीबाहेर लग्न करणाऱ्यांवर हल्ले होतातच. जात देवावाचूनही जगू शकते.

उलट डेन्मार्क, स्वीडन यांसारख्या देशांत नियमित चर्चला जाणारे थोडे आहेत आणि भ्रष्टाचारही जगात सर्वांत कमी असलेल्यांत या देशांची गणना होते. पण त्यांच्यामागे शतकांचा ल्यूथरन धर्माचा वारसा, सार्वत्रिक शिक्षण आणि मजबूत कल्याणकारी राज्य आहे. एका कारणावर बोट ठेवता येत नाही.

९. घटना समितीचा निर्णय

भारताने यावर काय ठरवले? १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा झाली. तिची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. सभागृहात श्रद्धावान सदस्य पुष्कळ होते. तरी दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. श्रद्धा ही व्यक्तीची बाब आहे आणि ती सर्वांच्या वतीने जाहीर करता येत नाही, हे त्यांच्यातल्याच अनेकांना पटले. उद्देशिका 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांनी सुरू होते.

मंत्री शपथ घेतात तेव्हा ऐका. कोणी 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' म्हणतो, कोणी 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' म्हणतो. पुढचे शब्द अगदी सारखे आहेत. कायदा दोघांना सारखेच बांधतो. ब्रॅडलॉला ज्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले, ते आपल्याला पहिल्या दिवसापासून मिळाले.

१०. तुमच्या कामात हा प्रश्न कुठे येतो

तुमच्यातले अनेक जण अभियंते होतील, म्हणून एक शेवटचे उदाहरण.

१६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममध्ये एका शाळेला आग लागली. खालच्या स्वयंपाकघरातून ठिणगी उडाली, वरच्या मजल्यावरचे गवती छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. एका इमारतीत प्रमाणाबाहेर मुले कोंबलेली होती, बाहेर पडायची वाट अरुंद होती. या शहरात श्रद्धेचा दुष्काळ नव्हता. गल्लोगल्ली देवळे आहेत. नियमही होते. छपराखाली वर्ग भरू देणाऱ्या आणि तपासणी न करता कागद पुढे सरकवणाऱ्या माणसांना मात्र ना देवाची नजर आडवी आली, ना कायद्याची.

आता साइटवरचा विचार करा. स्लॅब ओतल्यावर आत सळई किती आणि किती अंतरावर आहे, हे कोणाला दिसत नाही. कॉलममधल्या रिंगा कमी घातल्या तर तुम्हाला, ठेकेदाराला आणि बार बांधणाऱ्या मजुराला तेवढे माहीत असते. 'वरचा बघतो आहे' हे मानणारा अभियंता रिंगा पूर्ण घालेल, आणि ते चांगलेच आहे. न मानणाऱ्याला मात्र आगरकरांच्या मार्गाने जावे लागेल: या छताखाली उद्या जे झोपणार आहेत, त्यांना आजच साइटवर उभे असल्यासारखे पाहावे लागेल. हे श्रद्धेपेक्षा सोपे नाही. त्यासाठी कल्पनाशक्ती लागते आणि ती रोज वापरावी लागते.

कुंभकोणममध्ये वाढलेले रामानुजन नामक्कलच्या नामगिरी देवीचे भक्त होते. केंब्रिजमधले त्यांचे सहकारी हार्डी देव मानत नसत. सिद्धतेत पळवाट चालत नाही, या नियमाखाली दोघांनी एकत्र काम केले. श्रद्धा असो वा नसो, तुमच्या आराखड्यालाही तोच नियम लागू आहे.

सारांश

श्रद्धा ज्ञान, प्रेरणा आणि अधिकार या तिन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर देत होती. रघुनाथरावांनी शास्त्राचा अधिकार ठेवून आशय बदलण्याचा प्रयत्न केला. आगरकरांनी अधिकारच बदलला. पेरियारांच्या चळवळीने साक्षीदार बदलले आणि कायद्याने त्यांना मान्यता दिली. गांधीजी आणि गोरा यांनी वेगळ्या पायांवर एकच काम केले. श्रद्धेच्या ऱ्हासाने नीती नष्ट झाली, असे इतिहास दाखवत नाही. तिचा भार देवावरून माणसावर आणि संस्थांवर आला, आणि जिथे माणसांनी किंवा संस्थांनी तो उचलला नाही तिथे नुकसान झाले, असे मात्र तो दाखवतो.

विचारासाठी प्रश्न

१. रघुनाथराव आणि आगरकर यांपैकी कोणाचा मार्ग त्या काळात अधिक परिणामकारक ठरला असता? अल्पकाळ आणि दीर्घकाळ असा वेगळा विचार करून लिहा.

२. संमतिवयाच्या वादात टिळकांचा परक्या सरकारबद्दलचा आक्षेप आणि आगरकरांचा मुलीच्या दुःखाचा मुद्दा, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात का?

३. तुमच्या गावातली एखादी धार्मिक रीत निवडा, जिच्यामुळे गरजूला मदत होते. श्रद्धा नसलेल्या लोकांनी तीच मदत नियमित करायची ठरवली, तर त्यांना कोणती व्यवस्था उभारावी लागेल?

४. कोणीही तपासणार नाही असे तुमच्या भावी कामातले एक ठिकाण सांगा. तिथे तुमचा साक्षी कोण असेल?